फुलोऱ्यातली करंजी

पियुषने बापाच्या हातावर असा फटका मारला की कप उडून भिंतीवर फुटला आणि चहाचा ओघळ कॅलेंडरवरून खाली जमिनीपर्यंत आला.

"साखरेचा चहा? लाज वाटते काय बाबा थोडीशी?"

"मले काय माहीत साखर हाये म्हणून?" खुशालराव हात चोळत म्हणाला. "सुनबाईनं देल्ला, मी घेतला."

"एक घोट घेतल्यावर समजत नाई? जिभेले लकवा मारला काय तुमच्या?"

स्वयंपाकघराच्या दारात आचल पदराने तोंड दाबून उभी होती. तिच्या हातून कप बदलला होता. बिनसाखरेचा तिने स्वतः तोंडाला लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं, पण तोवर नवऱ्याचा हात उठून गेला होता. मग बोलण्यात अर्थ नव्हता.

खुशालरावची शुगर निघून तेव्हा चारच दिवस झाले होते. उभा जन्म वरूडच्या संत्रा मंडीत पेट्या भरण्यात गेलेला माणूस. यंदा फळीतला खिळा पायात घुसला आणि जखम भरेचना. ओली ती ओलीच. डॉक्टरने रक्त तपासलं, चारशेच्या वर निघालं. एक गोळी लिहून दिली. सकाळी घ्यायची, अर्ध्या तासाने पोटभर जेवायचं, चुकवायची नाही. उठताना वर आणखी म्हणाला, "आणि हे बघा, कधी एकदम घाम फुटला, हातपाय थरथरले, डोकं फिरल्यासारखं झालं, तर शुगर फार उतरली असं समजा. आधी चार चमचे साखर तोंडात टाका, मग मला फोन करा."

परतताना ऑटोत पियुष म्हणाला, "साखरेच्या बिमारीवर साखर! उद्या दारुड्याले सांगन हा डॉक्टर, चक्कर आली त पावशेर मार म्हणून."

त्याची आई कौशल्या खळखळून हसली. खुशालरावही हसला, पण जरा मागून.

त्या घरात दारूवर हसता यायला लागून फार काळ झाला नव्हता. मंडीतून पेट्या ट्रकवर चढल्या की ड्रायव्हरांबरोबर बसायचं आणि घरी येऊन बायकोला बडवायचं, हा खुशालरावचा बरीच वर्षं शिरस्ता होता. काही माणसं दारू पितात आणि रडतात, काही पितात आणि झोपतात. हा पिऊन मारायचा, आणि जे हाताला लागेल त्याने मारायचा. कौशल्या संध्याकाळी दारातच उभी राहायची. "हा करा," म्हणायची. तो तोंड उघडून तिच्या नाकापुढे श्वास सोडायचा. त्या वासावर तिचा पुढचा हिशेब ठरायचा. वास नसला तर भाकरी वाढायची. असला तर लहानग्या पियुषला शेजारच्या घरी पाठवून द्यायचं आणि कोयता, पाटा, कुलपाची साखळी असलं सगळं आड ठेवून द्यायचं.

सात वर्षांपूर्वी महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी त्याने तिचं डावं मनगट मोडलं. दवाखान्यात तिने सांगितलं, मोरीत पडली. दुसऱ्या दिवशी गळ्यात हात अडकवून तिने एका हाताने दोघी महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या. ते बघून खुशालरावच्या आत काय झालं ते त्यालाच माहीत. तो बाहेर गेला, दारातला आपला जोडा उचलून आणला आणि मिसरूड फुटलेल्या पियुषच्या हातात दिला.

"यापुढं म्या पेली त याच जोड्यानं मार मले. इथंच मार, या मायांसमोर. बाप हाये म्हणून सोडशीन त तुले महालक्ष्मीची आन."

त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही, हे मात्र खरं. आणि ते 'हा' त्याने सोडलं नाही. कोणी सांगो न सांगो, संध्याकाळी दारात आला की थांबायचा, कौशल्यापुढे तोंड उघडून श्वास सोडायचा, आणि मगच चप्पल काढायचा. शेजारच्या बाया हसायच्या. त्याला त्याचं काही नव्हतं, उलट ऐटच होती. त्याच्यापाशी दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या घराचं तोंड दारूने पोळलं होतं, ते आता साखर फुंकू लागलं. साखरेचा आणि गुळाचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली पियुषच्या खिशात. कौशल्याची जुनी सवय जागी झाली. कपडे धुण्याआधी ती नवऱ्याचे खिसे पुन्हा तपासू लागली, आणि एक दिवस तिला सदऱ्याच्या खिशात चार पेपरमिंट सापडल्या.

"हे काय होय?"

"डॉक्टरनंच सांगतलं ना, घाम आला त गोड खा म्हणून. जवळ असो दे म्हटलं."

"घाम! मंडीत दिवसभर घामच येते तुमाले. म्हणजे दिवसभर चघळून राहिले!"

"नाई व, एकबी नाई खाल्ली. मोजून पाय, चारच्या चार..."

पुढे त्याला बोलू दिलं नाही. पियुष मागून आला आणि त्याने बापाची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. डोकं खुंटीवर लागलं. "पहिलेबी असंच म्हणत होते तुमी! 'एकबी घोट नाई घेतला, मोजून पाय शिशी!' पाय सडून राहिला तुमचा, कापा लागन तवा समजन काय?"

पोराच्या ओरडण्यात रागाइतकीच भीती होती, हे खुशालरावला कळत होतं. कौशल्याने पेपरमिंट नालीत फेकल्या. त्यानंतर त्याने जवळ गोड ठेवलं नाही, आणि गोळी एक दिवस चुकवली नाही. नेमाचा पक्का होता. नेमानेच त्याची दारू सुटली होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. वऱ्हाडात या दिवशी घरातलं कोणी नैवेद्य होईस्तोवर तोंडात काही घालत नाही. खुशालरावने सकाळी अंघोळ केली, गोळी घेतली आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

"अवो, उपास हाये आज. गोळी कायले घेतली?" कौशल्याने चुलीपासून विचारलं.

"चुकवाची नाई म्हटलं डॉक्टरनं."

"मग बरं केलं बापा."

गोळीमागून जेवण हवं, हे दोघांनीही ऐकलेलं होतं. पण गोळी ही एक गोष्ट आणि उपास ही दुसरी, दोन्ही नेम पाळायचे, एवढाच विचार दोघांच्या मनात आला. देवाधर्माचं कोणाचं काही चुकलं नाही, हीच खरी गोम होती.

नैवेद्य बाराला व्हायचा. पण कौशल्याचा थोरला भाऊ भगवंतराव धामणगावहून निघाला होता, दरवर्षी थोरल्या महालक्ष्मीच्या ओटीची साडी तोच आणायचा आणि माहेरची साडी आल्याशिवाय आरती होत नसे. त्याची गाडी वाटेत बंद पडली. बारा गेले, एक गेला. पुरणपोळ्यांचा ढीग झाकून ठेवला होता, सोळा भाज्यांची पातेली कोमट होत चालली होती. उन्हात खुशालराव केवड्याचं कणीस आणायला बाजारात गेला. अनवाणी गेला, जखमेच्या पायाने.

परत आला तेव्हा नवाकोरा सदरा पाठीला चिकटला होता. कौशल्या स्वयंपाकघराच्या दारात सोवळ्यात उभी होती. सवयीने तो तिच्यासमोर थांबला आणि त्याने तोंड उघडलं.

"हा..."

"आवो सरका तिकडं! सोवळ्यात हावो मी, शिवसान!" तिने नाकाला पदर लावला आणि मागे सरली.

तो तसाच तोंड उघडं ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग भिंत धरत ओसरीवर गेला. केवडा कुठे पडला ते त्याला कळलंही नाही.

भगवंतराव आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्याने साडीचं ताट पुढे केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काय जवाईबुवा, बरं हाये ना?"

खुशालराव त्याच्याकडे बघून हसू लागला. हसणं थांबेना. मग एकदम चेहरा वाकडा करून म्हणाला, "तू कोन बे? कोनाच्या घरात घुसला?" जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते.

भगवंतरावने बहिणीकडे पाहिलं. "जित्याची खोड," तो एवढंच म्हणाला. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

"मामाले काय म्हणून राहिले बाबा?" पियुष दातओठ खात जवळ आला. "उठा. आत चाला पहिले."

"च्या दे," खुशालराव म्हणाला. "गोड... दे ना व." तो कोणाशी बोलत होता कळत नव्हतं. उठला तो झोकांडी खाऊनच. आचल सावरायला आली तर तिला त्याने दूर लोटलं. त्या धक्क्याने आंबिलीचं पातेलं कलंडलं, पांढरी आंबील ओसरीभर पसरली आणि बायका साड्या सावरत ओरडल्या.

आणि मग तो महालक्ष्म्यांकडे गेला.

दोघी जणी मखरात उभ्या होत्या. वर लाकडी चौकटीला दोऱ्यांनी फुलोरा टांगला होता. करंज्या, साटोऱ्या, लाडू, कणकेची वेणीफणी. विसर्जनापर्यंत त्याला लेकरूदेखील हात लावत नाही. खुशालरावने दोन्ही हात वर करून तो ओढला. पहिल्या झटक्यात दोरे तुटले, दुसऱ्या झटक्यात चौकट खाली आली आणि धाकटीच्या मुखवट्यावर आदळली. पितळी मुखवटा धाडकन जमिनीवर पडून गोल फिरला.

"व माय माय!" कोणीतरी किंचाळलं.

कौशल्या सोवळंबिवळं विसरून धावली. "आवो काय करून राहिले! सोडा! सोडा ना!" तिने त्याच्या हाताला धरलं. त्याने तिला झिडकारलं. ती भिंतीवर गेली ती नेमकी डाव्या मनगटावर, आणि तशीच खाली बसली.

पियुषने आईला खाली बसताना पाहिलं. सात वर्षं तो एकोणीसचा, वीसचा, पंचवीसचा होत गेला होता. ती सात वर्षं कुठल्या कुठे गेली. तो दारात गेला, जोडा उचलला आणि परत आला.

पहिला फटका कानशिलावर बसला. दुसरा तोंडावर बसला आणि ओठ फाटला. "महालक्ष्मीची आन घातली होती तुमीच! तुमीच घातली होती!" पियुष ओरडत होता आणि मारत होता. भगवंतरावने मागून मेहुण्याचे दोन्ही दंड धरले, पोराला सोपं जावं म्हणून. कोणी सोडवायला आलं नाही. एका म्हाताऱ्याने तर "आणखीन दे" असंही म्हटलं. लाथ बरगडीत बसली. जोड्याची टाच पाठीत बसली, पुन्हा बसली. आणि खुशालराव मार चुकवतच नव्हता. दंड सोडवत नव्हता, तोंड फिरवत नव्हता. त्याच्या मुठीत एक करंजी होती आणि ती कशीबशी तोंडाकडे न्यायची, एवढंच त्याचं चाललं होतं. रक्ताने भरलेल्या ओठांना ती लागलीसुद्धा.

"अजून खातेच! पाहा, खातेच!" पियुषने त्या मनगटावर जोडा हाणला. करंजी पडली. त्याने ती पायाखाली चिरडली.

खुशालराव गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. त्याचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले आणि हातपाय जमिनीवर आपटू लागले.

"नाटकं," भगवंतराव म्हणाला. "पहिलेबी असेच करत होते."

कौशल्या भिंतीपाशी मनगट धरून बसली होती. ती गुडघ्यांवर सरकत आली. कोणाला वाटलं ती त्याच्या तोंडावर थुंकणार. तिने खाली वाकून आपलं नाक त्याच्या फाटक्या तोंडाजवळ नेलं आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. तिच्या नाकाएवढं खात्रीचं यंत्र त्या गावात दुसरं नव्हतं. देशी, मोहाची, वर बडीशेप खाल्लेली, कांदा खाल्लेली, तिला सगळे वास पाठ होते.

"वास नाई," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही.

"वास नाई रे! यायनं पेली नाई!" ती किंचाळली. "पियुष, घाम पाय यायचा! साखर आन! डॉक्टरनं सांगतलं होतं... साखर आन रे मेल्या!"

पियुष कपाटाकडे धावला. किल्ली खिशातून निघाली पण कुलपात जाईना. ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्याने कपाटाला लाथा घालायला सुरुवात केली. लाकूड चांगलं होतं, फुटलं नाही.

कौशल्या तोवर थांबली नाही. समोर नैवेद्याचं ताट मांडलेलं होतं, आरती न झालेलं, देवीने न चाखलेलं. तिने त्यातली पुरणपोळी फाडली, आतलं पुरण बोटांवर घेतलं आणि नवऱ्याचे दात उघडून गालाच्या आत, हिरड्यांवर चोळू लागली. त्याचा जबडा तिच्या बोटांवर मिटला. ती ओरडली, पण तिने बोटं काढली नाहीत. पुन्हा पुरण घेतलं, पुन्हा चोळलं. "खा, खा ना माया राजा," ती म्हणत होती. असं ती लग्नानंतर त्याला कधीच म्हणाली नव्हती.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून पाहिलं तेव्हा शुगर एकतीस निघाली. शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळाने खुशालरावने डोळे उघडले आणि हे कोणतं गाव, असं विचारलं. ओसरीवर बसल्यानंतरचं त्याला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

डॉक्टर त्याच्याकडे बघत होता. ओठाला टाके, डोळा बंद, पाठीवर टाचेचे वळ. "गोळी घेऊन उपाशी राहिलात, ते समजलं. ती गोळी आता बंद, दुसरी देतो. पण हे कोणी मारलं?"

खाटेच्या पायथ्याशी पियुष उभा होता. त्याने तोंड उघडलं. खुशालरावने एका उघड्या डोळ्याने आधी पोराकडे पाहिलं, मग कौशल्याच्या मनगटावरच्या सुजेकडे आणि तिच्या बोटांना बांधलेल्या फडक्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला न आठवताही समजलं.

"मोरीत पडलो," तो म्हणाला.

कौशल्याने मान खाली घातली. तिचंच वाक्य होतं ते.

डॉक्टर गेल्यावर पियुष खाटेची दांडी धरून रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. "बाबा, मले वाटलं..."

"आन मीच घातली होती तुले." खुशालरावला टाक्यांमुळे नीट बोलता येत नव्हतं. "पेलो असतो त बरोबरच केलं असतं तुनं. म्या तुया मायले याच्याहून जास्त मारलं." तो थांबला. त्याच्या डोळ्यातून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. "पन आंधी वास त घ्या लागत होता, लेका. सात वर्स देऊन राहिलो मी रोज."

कौशल्याला आपण पदर लावून मागे सरलो ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घरी आणलं. दोघी महालक्ष्म्यांचं विसर्जन सकाळीच झालं होतं. धाकटीच्या गालाला पोचा पडला होता, मुखवटे पुसून पेटीत गेले होते. भगवंतराव न सांगता धामणगावला निघून गेला होता. कपाट उघडं होतं आणि साखरेचा डबा बाहेर ओट्यावर, झाकण सैल करून ठेवलेला होता.

पियुषने बापाला रिक्षातून हात धरून उतरवलं. अंगणातून तो लंगडत आला. कौशल्या पुढे होऊन दारात उभी राहिली होती. तिने काही ठरवलं नव्हतं, त्या वेळी, त्या जागी ती आपोआप उभी राहायची. खुशालरावही उंबऱ्यापाशी नेहमीसारखा थांबला. आचल आतून बघत होती. पियुषने बापाचा हात सोडला.

खुशालरावने बायकोकडे पाहिलं. शिवलेले ओठ त्याने घट्ट मिटलेले होते आणि ते त्याने मिटलेलेच ठेवले.

कौशल्या दारातून बाजूला झाली. तो आत गेला.